जुनी पिकअप वेगासाठी बांधताना

जुनी जीप-पिकअप पळवायची म्हटलं की सगळे आधी इंजिनालाच हात घालतात. आधी डिफरन्शियल, म्हणजे मागच्या धुऱ्यातला चाकं फिरवणारा गिअरचा संच, पाहा. ५.३८ रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) आणि २८ इंची टायर असतील तर ताशी १६० किमीला इंजिन टॉप गिअरमध्ये ६,४०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) जातं. पिस्टनला क्रँकशी जोडणारा जुना कनेक्टिंग रॉड तिथं टिकत नाही. ३.७३ बसवला की तेच ४,४५० वर येतं.

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या धुऱ्याकडे नेणारा दांडा, वाळूजला (छत्रपती संभाजीनगरजवळची औद्योगिक वसाहत) बॅलन्स करून घ्या. पुढच्या जॉइंटमागे शाफ्टभोवती पोलादी कडं हवंच. तुटलेलं टोक जमिनीत रुतलं तर गाडी उलटू शकते.

हौदावर सपाट झाकण लावा. १६० वरून २०० ला जाताना जवळपास दुप्पट ताकद लागते, ती बहुतेक हवाच खाते. टायर किमान व्ही रेटिंगचे (ताशी २४० किमीपर्यंतचे), केजला (चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याला) सीमलेस, म्हणजे बिनजोड पाइप. आणि हे सगळं बंद धावपट्टीसाठीच, समृद्धी महामार्गावर अजिबात नाही.