रोबोटचं बंड आवडतं, मग कोयत्याचं काय?

मला सायन्स फिक्शन लई आवडतं, वाळूजला शिफ्ट सुटली की टपरीवर आमचं तेच चालू असतं, आणि कारेल चापेकचं १९२० सालचं 'आर.यू.आर.' हे नाटक तर सगळ्यात भारी, कारण त्यातले रोबोट मुळात कामगारच आहेत, राबराब राबतात अन् शेवटी उठतात. पण त्या बंडाला टाळ्या वाजवणारेच ऊसतोडवाल्यांनी दरवाढ मागितली की "यांना कामच नको" म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही.

आमच्या बीडकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून (मजूर पुरवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची अन् ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा, रात्री गाडी आली तर रात्रीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. आता ऊस तोडायचं मशीन, हार्वेस्टर, आलंय, येऊ द्या, पण अंगावर उचल असलेल्या जोडप्याचं काय होणार, ही गोष्ट कुणीतरी लिहा ना राव!

आणि जोकचं म्हणाल तर फडातल्या बायका पदर खोचून मुकादमाची नक्कल करतात ना, त्याला मी पोट दुखेस्तोवर हसलोय. मजुरांची टिंगल करणारे जोक फॉरवर्ड करणं मात्र नको. ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी कायद्यातच आहे, ती मागणाऱ्याची कसली टिंगल करता?