शनिवारचा कॉम्प्युटर क्लब: माऊसला हात लावायचा नाही

इकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला मी शनिवारी सकाळी लायब्ररीत कॉम्प्युटर क्लब चालवतो म्हटलं की आईचा ठरलेला प्रश्न, "फी किती घेतोस?" फी शून्य, पगार शून्य, उलट बिस्किटांचे पैसे खिशातून जातात. साडेदहा ते साडेबारा, आम्ही चार-पाच व्हॉलंटिअर आणि ज्याचं काही अडलंय तो कोणीही.

येणारे बहुतेक सत्तरी ओलांडलेले, आणि खरं सांगायचं तर कॉम्प्युटर शिकायची हौस त्यातल्या फार थोड्यांना असते. जवळची बँकेची शाखा बंद झालेली असते, नेहमीची औषधं परत मागवायची तर एनएचएस म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं ॲप, पार्किंगचा परवाना ऑनलाइन, बसचा पास ऑनलाइन, मग करणार काय, येतात बिचारे. काउंटरवरचा माणूस काढला आणि त्याचं काम आता आम्ही फुकटात करतोय असं माझं सरळ मत आहे. आमच्यातल्या रिटायर्ड इंजिनिअर काकांना हे अजिबात पटत नाही, ते म्हणतात ज्याचं काम त्याला स्वतःला करता आलंच पाहिजे.

त्यांचाच नियम आहे, शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. आपल्याकडे महा ई-सेवा केंद्रात कागद पुढे सरकवले की तिथला पोरगा खटाखट फॉर्म भरतो, पैसे दिले की आपण मोकळे. इथे तसं नाही. एक आजी आहेत, त्यांचा माऊस टेबलाच्या कडेला पोचतो तरी पॉइंटर स्क्रीनच्या मधेच, आणि त्या थांबतात, कारण पुढे टेबलच नाही! माऊस उचलून परत मागे ठेवायचा हे आपल्याला कधी कोणी शिकवलेलं आठवत नाही, पण त्यांना सांगावं लागतं. डबल क्लिक करताना हात थरथरतो आणि आयकॉन भलतीकडेच ओढला जातो, मग आम्ही एकदाच क्लिक करून एंटर दाबायला शिकवतो, काम तेच. हे सगळं होईपर्यंत माझे हात इतके शिवशिवतात की मी चक्क पाठीमागे हात बांधून उभा राहतो. (आणि हो, ऐंशीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची, ते मला अजून जड जातं. मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघतात कोण आलंय म्हणून.)

सगळ्यात जास्त गर्दी झाली विंडोज १० मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मग चांगले धडधाकट लॅपटॉप घेऊन लोक यायला लागले, हा आता फेकायचा का? एका आजोबांना लागायचं काय तर ईमेल, नातवंडांचे फोटो आणि पत्त्यांचा डाव. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम चढवली, फोटो आधी पेनड्राइव्हवर घेतले होते ते परत टाकले, आणि त्यांचा जुना प्रिंटर लावल्या लावल्या चालला. त्यांनी विचारलं फक्त एवढंच, पत्ते कुठे गेले?

आता पुढचा घोर लँडलाइनचा. तांब्याच्या तारेवरचे जुने फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होऊन इंटरनेटवर जाणार आहेत, म्हणजे लाइट गेली की बॅटरी बॅकअप नसेल तर फोनही गेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडल्याबिडल्यावर दाबायचं बटण असतं, त्यातली बरीच याच लाइनवर चालतात. बटण नव्या लाइनवर चालेल का ते आधी कंपनीला विचारा, हे आम्ही येईल त्याला सांगतो.

फ्रॉड तर रोजचेच. संशयास्पद मेसेज आला तर तक्रारीच्या ७७२६ नंबरला फॉरवर्ड करायचा, बँकेच्या नावाने फोन आला तर ठेवून द्यायचा आणि १५९ लावायचा, तो आपल्या खऱ्या बँकेला जोडून देतो, हे मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावलंय. पासवर्ड वहीत लिहिले तर चालतील, फक्त वही घरी नीट जपून ठेवायची, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. आयटीवाल्या मित्रांना हे ऐकून धक्का बसतो, पण सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही कितीतरी बरी.

शिकवणं सोपं, बाकीचं डोकं खातं. व्हॉलंटिअरची डीबीएस म्हणजे पोलिस रेकॉर्डची तपासणी, क्लबचा इन्शुरन्स, प्रत्येक चार्जरवर पॅट टेस्टिंगचा, म्हणजे विजेच्या सुरक्षा तपासणीचा, स्टिकर, आणि चावी कोणाकडे हा सनातन प्रश्न. ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डसाठी (त्यात काही महिने समाजसेवा करावी लागते) शाळेतली पोरं येतात, चौदा-पंधरा वर्षांची, त्यांच्या अवॉर्डपुरते महिने भरले की बहुतेक गायब. एक मुलगी मात्र टिकली, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा तिला जास्त पेशन्स आहे.

पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघातल्या काकांनी विचारलं, आम्हीही असं काढू का? जरूर काढा. पण कॉम्प्युटरच्या मागे लागू नका, थेट फोनपासून सुरू करा, यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही हे पहिल्याच दिवशी सांगा, सायबर फ्रॉडच्या तक्रारीचा १९३० नंबर भिंतीवर लावा, आणि खुर्च्या हात असलेल्या घ्या, बिनहाताच्या खुर्चीतून उठताना लोक टेबलाचा आधार घेतात आणि सगळं टेबल हलतं.