मंदीच्या काळातले मॅन्युअल

एखाद्या प्रदेशातले उद्योग थंडावले की कंपन्या आधी नवी भरती थांबवतात आणि मग ज्या कामाचा विक्रीशी संबंध चटकन दाखवता येत नाही, तिथली माणसे कमी करतात. यंत्रांच्या, सॉफ्टवेअरच्या सूचनापुस्तिका लिहिणाऱ्या टेक्निकल रायटरचा क्रमांक त्यात बराच वर लागतो. माझी नोकरी गेली तेव्हा ‘मॅन्युअल यापुढे इंजिनिअरच लिहितील’ एवढेच मला सांगण्यात आले.

पुढे काही महिने जाहिराती चाळताना ध्यानात आले की, ज्या मालाला कागदपत्रांवाचून बाजारात प्रवेशच नाही, त्याच्याभोवतीचे काम मंदीतही सहसा टिकते. युरोपीय संघात यंत्र विकायचे, तर २००६ च्या यंत्रविषयक निर्देशानुसार ज्या देशात ते विकले जाईल, तिथल्या अधिकृत भाषेत सूचनापुस्तिका द्यावीच लागते. जानेवारी २०२७ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमात ती डिजिटल स्वरूपात देण्याची मुभा आहे, पण लिहिणे चुकत नाही. त्यामुळे स्थानिक मागणी आटली तरी निर्यात करणाऱ्या लहान उत्पादकांकडे हे काम असते. मात्र ते आपल्या पदनामाने शोधले तर सापडत नाही, कारण गुणवत्ता, प्रशिक्षण किंवा विक्रीपश्चात सेवा विभागातला कोणीतरी ते वेळात वेळ काढून उरकत असतो.

अशा ठिकाणी अर्जासोबत मी एका पानाचा नमुना जोडतो. मूळ वाक्य असे: ‘झडप उघडावी, तत्पूर्वी दाब शून्य असल्याची खात्री केलेली असावी.’ वाचत वाचत काम करणारा तंत्रज्ञ स्वल्पविरामापाशी येईतो झडप उघडून मोकळा झालेला असतो. खाली माझ्या दोन पायऱ्या: ‘१. दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करा. २. झडप उघडा.’ मुलाखतीत माझ्या पदव्यांपेक्षा या पानावरच अधिक बोलणे होते.

घरबसल्या करता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामाला प्रदेशाची अडचण नाही, म्हणूनच तिथे उमेदवारांची झुंबड असते आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवणारी प्रणाली), मार्कडाउन (साध्या मजकुरात मांडणीच्या खुणा करण्याची पद्धत), एपीआयचे (दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्याचे) दस्तऐवजीकरण यांची माहिती गृहीत धरली जाते. पहिला मसुदा एआयकडून करून घेण्याची प्रथा पडल्यापासून नवख्यांची पंचाईत झाली आहे; मसुदा तपासायला अनुभवी माणूस हवा असतो आणि तो अनुभव ज्या किरकोळ कामांतून मिळायचा, तीच कमी झाली आहेत.

सध्या मी दोन उत्पादकांसाठी पुस्तिकेमागे ठरलेल्या दराने लिहितो. तिसरी, चौथी दुरुस्ती फुकटात मागितली जाते, हे पहिल्याच कामात कळल्यामुळे दोन दुरुस्त्यांची मर्यादा आता करारातच लिहून घेतो.