फिट यावी म्हणून

व्हिडिओ-ईईजी वॉर्डात पेशंटचं चित्रण आणि मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद एकाच वेळी चालते. इथल्या नर्सचं काम तसं उलटंच. एरवी फिट येऊ नये म्हणून सगळी धडपड, आणि इथे ती मेंदूत नेमकी कुठून सुरू होते ते कळावं म्हणून डॉक्टर गोळ्या कमी करतात आणि आम्ही ती येण्याची वाट बघतो. पेशंटच्या शिरेत सुई आधीच लावलेली, शेजारी शिशाच्या आवरणात टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन, माझी नजर स्क्रीनवर.

ईईजीच्या रेघा बदलल्या की काही सेकंदांत इंजेक्शन द्यायचं. फिट जिथे सुरू होते तिथला रक्तपुरवठा एकदम वाढतो. औषध रक्ताबरोबर तिथे पोचतं आणि काही तास तिथेच अडकून राहतं. म्हणून हे औषध कुठे साठलं ते दाखवणारा स्पेक्ट स्कॅन पेशंट शांत झाल्यावर केला, तरी चित्र त्या क्षणाचंच मिळतं. हात जरा रेंगाळला, तर फिट जिथे पसरली ती जागा उजळते, मूळ नव्हे. शिवाय टेक्नेशियमची शक्ती दर 6 तासांनी निम्मी होते. फिट आलीच नाही तर डोस वाया. (त्या दिवशी माझ्याशी कुणी बोलू नये!)

पेट स्कॅन मात्र फिट नसताना करतात. दोषी भाग ग्लुकोज कमी वापरतो, म्हणून फिकट दिसतो.

एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे त्यात फिटचं मूळ दिसलं नाही, की नातेवाईक हिरमुसतात. पण व्हिडिओत आधी कुठला हात आखडला, यावरूनही मेंदूची बाजू कळू शकते. म्हणून इंजेक्शन देताच मी पांघरूण बाजूला करते आणि त्याला बोलता येतंय का ते कळावं म्हणून पेशंटला त्याचं नाव विचारत राहते.