विंडोज ११ : देखणं आहे, पण...

विंडोज ११ दिसायला भारीये, प्रश्नच नाही, पण ऑक्टोबर २०२१ ला ते आलं तेव्हा टास्कबारची (आयकॉन असतात त्या पट्टीची) पार वाट लावली होती. आधी बार वर न्या, बाजूला लावा, सगळं चालायचं, ह्यात तो खालीच चिकटवून टाकला. फाईल ओढून त्यावरच्या आयकॉनवर सोडायची सोयही गेली, ती २०२२ च्या अपडेटमध्ये परत आली, म्हणजे आमचंच आम्हाला दिलं!

आणि राइट क्लिक? कट, कॉपी, रिनेमची २०२४ पर्यंत नुसती चिमुकली चित्रं, बाकी काही हवं असेल तर 'शो मोअर ऑप्शन्स' वर अजून एक क्लिक, मग जुना मेनू जसाच्या तसा उघडतो, म्हणजे होताच ना तो तिथे, लपवला कशाला राव? (फाईल सिलेक्ट करून शिफ्ट एफ१० दाबा, थेट तोच येतो.)

सगळ्यात डोक्यात जाते ती हार्डवेअरची अट. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, वर इंटेलचे सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर चालणाऱ्यांच्या यादीबाहेर. एसएसडी टाकलेला, मस्त पळणारा लॅपटॉप असला तरी नाहीच! त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही संपला, मग असल्या मशिनवर सरळ लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलेलं काय वाईट?