करूळ घाट उतरण्यापूर्वी केबलचे डिस्क ब्रेक बदला

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे सायकलने कोकणात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी हा वृत्तांत लिहीत आहे आणि तो मुख्यतः ब्रेकविषयी आहे. पंचवीस-तीस हजारांच्या आतल्या बहुतेक माउंटन बाइकना कंपनीकडूनच केबलवर चालणारे डिस्क ब्रेक बसवून येतात. ‘डिस्क आहे म्हणजे घाटात काळजी नाही’ असे दुकानात ठासून सांगितले जाते. हे सांगणे चुकीचे आहे आणि त्याची परीक्षा नेमकी करूळ घाटाच्या मध्यावर होते, जिथे ना गॅरेज असते, ना सायकल बाजूला घ्यायला पुरेशी जागा.

कोल्हापूर ते गगनबावडा या सुमारे ५५ किलोमीटरच्या रस्त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बालिंगा, कळे, असळज अशी गावे लागतात, चढउतार सोसवणारे आहेत, चहा जागोजागी मिळतो आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपासून अंतर राखावे लागते. पहाटे निघालेला, नियमित सायकल चालवणारा माणूस ऊन तापण्याआधी गगनबावड्यात पोचतो. तिथून दोन घाट फुटतात, करूळमार्गे वैभववाडीकडे आणि भुईबावड्यामार्गे खारेपाटणकडे. मी करूळचा घेतला.

निघण्यापूर्वी सायकल शहरातल्या एका मेकॅनिककडे दाखवली होती. पुढचा ब्रेक सैल लागतो, असे सांगितल्यावर त्याने लिव्हरजवळचा गोल स्क्रू फिरवून केबल ताणली, चाक एकदा फिरवून पाहिले आणि “केबल वढून दिलीया, काय होत न्हाय, बिनधास्त जावा,” असा निर्वाळा दिला. सपाट रस्त्यावर ब्रेक उत्तम लागलाही. घाटाच्या वरच्या काही वळणांपर्यंतही तक्रार नव्हती. त्यानंतर उजवी लिव्हर, म्हणजे माझ्या सायकलीची पुढची, दर वळणाला थोडी अधिक आत येऊ लागली आणि एका तीव्र वळणावर, समोरून एसटी हॉर्न देत वर येत असताना, ती थेट ग्रिपला टेकली. पूर्ण जोर लावूनही वेग उतरेना. मागचा ब्रेक दाबून, पाय घासत, कठड्याच्या अलीकडे सायकल कशीबशी थांबली.

थांबल्यावर जे दिसले ते प्रत्येकाने आपल्या सायकलीवर घरीच पाहून घ्यावे. पुढच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे दोन पॅड धरणाऱ्या चिमट्यासारख्या भागात, डोकावत लिव्हर हळूहळू दाबली, तेव्हा बाहेरच्या बाजूचा पॅड पुढे सरकून रोटरला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या चकतीला, ढकलत होता, रोटर डोळ्यांना दिसेल इतका वाकत होता आणि आतल्या बाजूचा पॅड मात्र जागचा हलत नव्हता. रोटरवर निळसर-जांभळी झाक आली होती. जळका वास येत होता.

या ब्रेकची रचनाच तशी आहे. स्वस्त केबल-डिस्कमध्ये एकच पिस्टन असतो. तो बाहेरचा पॅड ढकलतो, रोटर वाकून आतल्या स्थिर पॅडवर टेकतो आणि मग पकड मिळते. पॅड झिजत जातात तसा आतला पॅड कॅलिपरच्या आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून रोटरजवळ आणावा लागतो. त्याऐवजी केवळ केबल ताणली, तर केबल ज्याला ओढते तो कॅलिपरचा दांडा आधीच अर्धा फिरून बसतो आणि त्याला पुढे फिरायला जागाच उरत नाही. घाटात ओल्या रस्त्यावरचा चिखल आणि बारीक खडी पॅड झपाट्याने झिजवतात, त्यामुळे सकाळी ‘टाइट’ असलेला ब्रेक दुपारी निकामी होतो. केबल ताणून देणे ही दुरुस्ती नव्हे आणि जो मेकॅनिक आतल्या पॅडला हातही लावत नाही, त्याच्या निर्वाळ्यावर घाट उतरू नये.

उष्णतेचाही हिशेब करावा. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन १०० मीटर खाली आले की सुमारे ८८ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. तेवढ्या ऊर्जेत पाव लिटर गार पाणी उकळते. वेग वाढू द्यायचा नसेल तर यातला मोठा भाग दोन पातळ पत्र्यांना आणि चार छोट्या पॅडना सोसावा लागतो आणि करूळचा उतार १०० मीटरच्या कितीतरी पट आहे. सतत हलका ब्रेक दाबून उतरणारे रोटरला थंड व्हायला उसंतच देत नाहीत. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवावा, वळणात सोडावेत आणि सरळ भागात रोटरला वारा लागू द्यावा.

उरलेल्या घाटाचा सगळा तीव्र भाग मी सायकल हातात धरून चालत उतरलो. वैभववाडीत पोचेपर्यंत पोटऱ्या भरून आल्या होत्या. ती सायकल पुन्हा त्याच ब्रेकवर घाटात न्यायची नाही, हे तिथेच ठरले.

कोल्हापुरात परतल्यावर हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक बसवले आणि इथे दुसरी फसगत समोर आली. “नुसते ब्रेक बदलायचे, तासाभराचे काम,” असे दुकानदाराने फोनवर सांगितले होते. प्रत्यक्षात अनेक सायकलींवर ब्रेकची लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर एकाच तुकड्यात असतात. माझेही तसेच होते. केबलची लिव्हर काढली की शिफ्टरही जातो आणि नवा स्वतंत्र शिफ्टर घ्यावा लागतो, तोही मागच्या चाकात जितके गिअर आहेत तितक्याच स्पीडचा. हा खर्च सायकल पूर्ण उघडल्यावरच मला सांगण्यात आला, तेव्हा नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या हँडलकडे नीट पाहून घ्यावे. लिव्हर आणि शिफ्टर हँडलला आवळणारे पट्टे वेगळे असतील तर हा खर्च नाही, एकच असेल तर तो आधीच धरावा.

कॅलिपर फ्रेमला कसा बसतो हेही पाहावे. बोल्ट रोटरला समांतर, सरळ आत जात असतील आणि त्यांच्यातील अंतर ७४ मिलिमीटर असेल तर तो पोस्ट माउंट. बोल्ट आडवे जात असतील आणि अंतर ५१ मिलिमीटर असेल तर दुसरा प्रकार, ज्याला ॲडॉप्टर लागतो. पुढे १८० मिलिमीटरचा रोटर घ्यावा, मात्र फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्याला, तेवढा चालतो याची खात्री करून. तेवढ्याच जोरात १६०च्या तुलनेत सुमारे १२ टक्के अधिक पकड मिळते आणि घाटात ती स्पष्ट जाणवते. मागे १६० पुरतो. मी शिमानोचा एमटी २०० हा साधा संच घेतला आणि त्याच्याविषयी माझे मत निःसंदिग्ध आहे. घाटासाठी यापेक्षा महाग काही घेण्याची गरज नाही आणि यापेक्षा कमी काही घेऊ नये. काही रोटरवर केवळ रेझिनचे (राळेच्या मिश्रणाचे) पॅड वापरावेत असे कोरलेले असते. त्यांवर मेटल पॅड बसवू नयेत, रोटर लवकर खाल्ला जातो.

आता बिलाविषयी. त्यात ‘ऑइल भरणे’ या नावाने ६०० रुपये स्वतंत्र लावले होते. हा संच कारखान्यातूनच तेल भरून, नळी जोडून येतो. माझ्या सायकलीवर नळी लांबीला पुरेशी ठरल्यामुळे ती कापावी लागली नव्हती, म्हणजे ब्लीडिंगची (नळीतली हवा काढून तेल भरण्याची) गरजच नव्हती आणि मी समोर उभा असताना ते झालेही नव्हते. नळी कापली तर नवा ऑलिव्ह व इन्सर्ट (नळीच्या टोकाचे जोडभाग) लागतो आणि ब्लीडिंगचे पैसे रास्त आहेत. नळी न कापता ते मागितले, तर देऊ नयेत. मी तो आकडा बिलातून काढायला लावला आणि हे सर्वांनी करावे, कारण गप्प राहणाऱ्या गिऱ्हाइकामुळेच असे आकडे रूढ होतात.

त्याच दुकानात एका मुलाने, पुढे कधी तेल कमी झाले तर मोटरसायकलचे ब्रेक ऑइल चालते, असे सुचवले. ते मुळीच चालत नाही. या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. दुचाकीच्या गॅरेजमधील डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल त्यात घातल्यास आतली रबरी सीले फुगून खराब होतात आणि संपूर्ण लिव्हर-कॅलिपर टाकून द्यावे लागतात. सायकल वॉशिंग सेंटरला दिल्यास चकाकीसाठी डिझेल किंवा पॉलिशचा फवारा मारू देऊ नये. पॅडने एकदा तेल प्यायले की पॉलिशपेपर घासूनही ते सहसा सुधारत नाहीत, बदलावेच लागतात. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि त्यावर बोट लावू नये.

नवे पॅड लगेच घाटात नेऊ नयेत. पहाटे रंकाळ्याच्या कडेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन, चाक न अडकवता, चालण्याच्या वेगापर्यंत यावे आणि असे वीसएक वेळा करावे. पहिल्या काही दाबांत ब्रेक निराश करतो, नंतर पकड स्पष्टपणे वाढत जाते.

त्यानंतर मी भुईबावड्याचा घाट उतरलो. दोन्ही लिव्हर एकेका बोटाने दाबत, वळणाआधी वेग हवा तेवढाच राखत, खालपर्यंत एकदाही पाय टेकवावा लागला नाही आणि लिव्हर शेवटच्या वळणावरही पहिल्या वळणाइतकीच कडक होती, कारण पॅड झिजतात तसे हायड्रॉलिकचे पिस्टन आपोआप पुढे येतात. खाली उतरल्यावर त्याच आनंदात पुन्हा वर चढून दुसऱ्यांदा उतरावे असे वाटले. ज्यांचा हात आखडता आहे त्यांना माझे सांगणे आहे की नवे टायर, मऊ सीट, मोबाइलचा स्टँड हे सगळे थांबू द्यावे आणि ते पैसे आधी ब्रेकवर घालावेत.

परतीसाठी टेम्पो केल्यास आणि पुढचे चाक काढावे लागल्यास पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याची घडी अडकवावी. चाक नसताना कोणी लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात. सायकल आडवी टाकून आणली असेल तर चाक बसवल्यावर उभी करून लिव्हर पाचदहा वेळा दाबावी आणि ती कडक लागल्याशिवाय निघू नये. सोबत पॅडची एक जादा जोडी, टी-२५ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची चावी) आणि ५ मिलिमीटरची ॲलन की ठेवावी.