सड्यावरची भेग: पुनर्वसूची नोंद

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, पडलेल्या भेगेच्या दोन्ही अंगांना सळया ठोकून त्यांच्यातलं अंतर मी मोजतोय, दरडीची चाहूल लागावी म्हणून. मागच्या नोंदीत त्या अंतरात ६ मिलिमीटरची उडी लिहिली होती, ती रद्द समजा. भेगेच्या खालच्या अंगाची सळी कलली होती आणि मी दोन दिवस झोपलो नव्हतो. काकी हसली. "अरे, म्हशीनं अंग घासलंन तिला!" आता दोन्ही सळया हातभर खोल ठोकल्यात, भोवती करवंदीच्या काट्या. नवं अंतर ४१२ मिलिमीटर, मोजणी इथून सुरू.

पुनर्वसूच्या, म्हणजे तरण्या पावसानं यंदा नाव राखलं. सरळ भिंतीच्या डब्यात रोज सकाळी साडेआठला मोजतो, वेधशाळेचा दिवसही तेव्हाच बदलतो. चौदा दिवसांत ६१० मिलिमीटर, त्यात एका दिवसाचे ११८. त्या दिवशी छत्री मोडेपर्यंत भेगेपाशी उभा होतो. ती ढिम्म हलली नाही. तीन दिवसांनी, नुसती बुरबुर असताना, अंतर ४१५ भरलं. तीनदा मोजलं.

कारण विहीर खणताना दिसलं होतं. वर दोन पुरुष खोलीपर्यंत जांभा, त्याखाली पांढरट चिकण माती. जांभ्यातून पाणी झिरपतं, चिकणमातीवर अडतं. तिथं दाब वाढला की वरचा थर धरून ठेवणारी पकड सुटू लागते. हिमालयात हिमस्खलनाचा अंदाज घेणारे बर्फात खड्डा खणून असाच कच्चा थर शोधतात. आपल्याला तो विहिरीत फुकट बघायला मिळतो.

म्हणून आता वहीत रोजच्या पावसाशेजारी मागच्या सात दिवसांची बेरीजही लिहितो. एका दिवसाच्या आकड्यावर माझा भरवसा उरलेला नाही. मोठ्या दरडी आठवा: तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, घाटावरचं माळीण ३० जुलै २०१४. सगळं म्हाताऱ्या, म्हणजे पुष्याच्या पावसात नाहीतर त्याच्या तोंडावर. नक्षत्राला काय दोष द्यायचा, तोवर डोंगराचं पोट भरलेलं असतं.

उताराचा कोन मोबाईलवर ३३ अंश आला. फांदीला टेकवून मोजलाय, एखादा अंश इकडेतिकडे धरा.

पुष्य लागलाय. भेगेखालचा झरा अजून नितळ आहे. तो गढूळ झाला किंवा एकाएकी आटला, तर मोजपट्टी टाकून आधी गोठा रिकामा करायचा, असं काकीशी ठरलंय. म्हशीचं तेवढं विचारायचं राहिलंय.